सोन्याचा, सोन्याची, सोन्याचं

आमच्या घरात सोनं कधी नव्हतं, धंदा मात्र सोन्याचा. विट्याकडच्या कितीतरी माणसांसारखे वडील परमुलखात गलाईच्या दुकानात राबायचे. तेजाबात जुनं सोनं शुद्ध करायचं, सराफांच्या झाडलोटीची माती जाळून कण काढायचे. गावी आले की आई त्यांचे कपडे वेगळ्या घमेल्यात धुवायची आणि तळाचा गाळ मडक्यात साठवायची. कपड्यात सोनं मुरतं म्हणायची. आमच्या आमटीत डाळ शोधावी लागे, पण मडकं भरत होतं.

मी बारावीत असताना वडील कायमचे परतले. तेजाबाच्या धुरानं छाती गेली होती.

धाकटे चुलते म्हणाले, "दादा, आता पोराला धाडा दुकानावर. शिकून कुनाचं भलं झालंय आपल्यात?"

"न्हाई. धूर माझ्यापाशीच संपू दे."

मी सांगलीला कॉलेजात गेलो. इतिहास घेतला. जुन्या नाण्यांवरच्या अक्षरांपायी प्राचीन ग्रीकचा नाद लागला, ती मोबाईलवर शिकलो. पहिलं पाठ झालेलं विशेषण ख्रूसूस, म्हणजे सोन्याचा. सोन्याची ती ख्रूसे, सोन्याचं ते ख्रूसून. सोन्याचा मुलामा दिलेल्या वस्तूलाही हाच शब्द चालतो, हे वडिलांना सांगितलं.

"मुलाम्याला बी? गिऱ्हाईक लय फसत आसंल गड्या तितं!" हसता हसता त्यांना ढास लागली.

मग रोज ती तीन रूपं म्हणायचा त्यांना छंदच लागला. दुसऱ्यापर्यंत दम पुरायचा. तिसरं मी म्हणायचो.

माझ्या शेवटच्या वर्षी श्वासाचं मशीन आणायची वेळ आली. आईनं मडकं काढलं. चुलत्यांनी परड्यात भट्टी लावून गाळ मुशीत घातला. निघाला तो काळा खडा.

"वहिनी, ह्यात काय न्हाई."

"परत बगा."

त्यांनी परत बघितलं.

बाजेवरनं वडील म्हणाले, "दुकानातलं कपडं मालक तितंच जाळून सोनं काढून घेतो. घरी यायचं ते येगळं."

"आवं, मग इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?"

"तुला तेवढाच आधार व्हता."

आईनं मडकं उकिरड्यावर नेऊन पालथं केलं. मशीन आलं नाही. पुढं पुढं वडिलांचा दम ख्रूसूसलाच संपू लागला. परीक्षेच्या आधी ते गेले.

त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला.