डॅनीभाऊंची बिनटोकाची पेन्सिल

डॅनीभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी सुनेवर ओरडत होतो. पेणच्या रामवाडीतल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात दुपारची वेळ, शर्मिलानं रंगाच्या वाट्या उघड्याच ठेवलेल्या, आणि तेवढ्यात फोन वाजला. लंडनहून त्यांची बहीण होती. "दामूभाऊ, डॅनी गेला," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मला रडू आलं नाही. आधी भीती वाटली. त्या माणसाला मी एक शब्द दिला होता आणि तो पाळायच्या आत माणूसच निघून गेला... महिना झाला, ती भीती काही जात नाही.

डॅनीभाऊ म्हणजे डॅनियल. आई-वडील रोह्याचे, कोकणातले ज्यू. लग्न झाल्यावर ते विलायतेला गेले, हे तिकडेच जन्मले. सोळाव्या वर्षी लंडनच्या एका छापखान्यात लागले, मग पुस्तकांची मुखपृष्ठं, गाण्यांच्या तबकड्यांची कव्हरं, स्टेशनांवरची पोस्टरं, असं करत करत एका मोठ्या जाहिरात कंपनीचे क्रिएटिव्ह डायरेक्टर झाले. निवृत्तीनंतर दरवर्षी आईचं गाव म्हणून रोह्याला येत. एकदा गाडीत बसून सहज पेणला आले, आमच्या कारखान्यात शिरले आणि गणपतीचे डोळे बघत बसून राहिले. पांढरी दाढी, शर्टाच्या खिशाला पिवळी पेन्सिल, आणि मराठी थेट आईकडून उचललेली! आई त्यांच्याशी जसं बोले तसंच येत असल्यामुळं 'तुम्ही' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. एकदा चक्क फौजदाराला म्हणाले, "तू इथं गाडी का लावलीस रे?" मी मध्ये पडलो म्हणून निभावलं.

"क्रिएटिव्ह डायरेक्टरनं करायचं काय हो?" मी त्यांना विचारलं होतं.

"आपण काय करायचं नाय. दुसऱ्याला सांगायचं."

"मग आमच्या आळीत सगळेच डायरेक्टर!"

इतके हसले की ग्लासातला चहा सांडला. चहा त्यांना मोठ्या स्टीलच्या ग्लासात लागे, तोही अर्धाच. मी चिडवायचो, काय कंजूष साहेब आहे! मूर्तीला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. गंमत म्हणून ब्रश पुढे केला की त्यांचा हात खिशात जाई. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, त्यांच्या धर्मात मूर्ती चालत नाही, उगाच आग्रह करू नका. त्यांनीही ते कधी खोडून काढलं नाही.

गणपतीचे डोळे आम्ही सगळ्यात शेवटी काढतो. त्याला आखणी म्हणतात. अंग कुणीही रंगवो, आखणी चाळीस वर्षं माझीच. लोक आमची मूर्ती नेतात ती डोळ्यांसाठी. वडिलांपासूनचा नेम असा, की आखणीच्या वेळी दार बंद, आत कुणी नको. हा नेम शेवटी माझ्या फार कामी आला, कारण माझा उजवा हात थरथरायला लागला होता. वर्षभर घरातसुद्धा कळू दिलं नाही. दार लावायचं, डाव्या हातानं मनगट आवळून धरायचं आणि एकेका डोळ्याला तास घालवायचा. कुणी दार वाजवलं तर अंगावर धावून जायचो. हात गेला म्हणजे नाव गेलं, आणि नाव गेल्यावर दामूला विचारतो कोण! डॅनीभाऊंना तेवढी आत बसायची मुभा होती. त्यांच्या काही लक्षात यायचं नाही असं मला वाटे. शहाणाच मी.

तीन वर्षांपूर्वी एका मंडळाची नऊ फुटी मूर्ती न्यायला माणसं सकाळीच आली. बाहेर टेम्पो, ताशा, अध्यक्षांची घाई. उजवा डोळा झाला. डाव्या डोळ्याला ब्रश टेकवला आणि हात उडाला... काळी रेघ गालापर्यंत. डॅनीभाऊ स्टुलावरून उठले, दाराला कडी आहे ना पाहिलं, आणि माझ्यासमोर येऊन आपला उजवा हात पुढे धरला. तो माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता.

"वीस वर्षं एक रेघ ओढली नाय मी," ते हळूच म्हणाले. "म्हणून तर डायरेक्टर झालो. सुनेला बोलाव."

"ती दागिने रंगवते. लोक माझे डोळे न्यायला आलेत!"

"डोळे तुझेच राहतील. तू सांग, ती काढेल."

शर्मिला मागच्या दारानं आली. तिनं गाल पुसला, रंग भरून घेतला. "बाबा, कुठून धरू?" मी नाकाकडून सुरुवात करायचो, ती बाहेरच्या कोपऱ्याकडून करायला लागली. मी ओरडणार, तोच डॅनीभाऊंनी माझा हात धरला. "ओरडलास की तिचा खांदा वर जातो. थांब." दोन थरथरते हात एकमेकांना धरून आम्ही बसलो, बाहेर ताशा बडवत होते, आणि तिनं एका दमात पापणी ओढली. बुबुळ ठेवलं. मूर्ती बघायला लागली!

दार उघडलं. अध्यक्ष म्हणाले, "वा काका, तुमच्या हाताला तोड नाय!" मी शर्मिलाकडे बघितलं. ती खाली मान घालून ब्रश धूत होती. मी म्हणालो, "बाप्पाची कृपा." बास, एवढंच म्हणालो मी.

स्टेशनपर्यंत डॅनीभाऊ माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले. रोह्याची गाडी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "मीपण हेच केलं. माझी सगळी चित्रं ऑफिसातल्या एका मुलीनं काढली. बक्षिसं मी घेतली, तिचं नाव कधी घेतलं नाय. ती गेली सोडून, पुन्हा बोलली नाय माझ्याशी." मग खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. तिला टोकच नव्हतं. इतकी वर्षं ती नुसती मिरवायला होती. "तू सुनेचं नाव सांगशील त्या दिवशी हिला टोक काढ."

"पुढच्या वर्षी सांगतो," मी म्हणालो. पुढच्या वर्षी दार लावून तिनं आखणी केली आणि बाहेर येऊन कौतुक मी घेतलं. त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. डॅनीभाऊंची तब्येत ढासळली, येणं थांबलं, पण फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "सांगितलंस?" शेवटच्या फोनमध्ये आवाज ओळखू येत नव्हता, तरी विचारलंच. मी म्हणालो, "सांगतो हो... सांगतो."

तर आज सांगतो. गेली तीन वर्षं आमच्या कारखान्यातले डोळे माझ्या सुनेनं आखलेत. तुम्ही हात जोडून ज्या डोळ्यांत बघितलंत ते तिचे आहेत. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी यंदा दुसरा कारखाना बघावा. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण आता विचारणाराही उरला नाही, आणि ते जास्त बोचतं.

हा लेखही मी लिहीत नाहीये. माझ्या हातानं सहीसुद्धा धड होत नाही. डॅनीभाऊंच्या स्टुलावर बसून मी सांगतोय आणि शर्मिला लिहितेय. सकाळी पिवळी पेन्सिल तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, हिला टोक काढ. मघाशी लिहिता लिहिता आखणीपर्यंत आली आणि थांबली.

"बाबा, हे लिहू?"

"लिही."

"छापून आलं तर?"

"छापायलाच सांगतोय गो. तुझं नाव नीट लिही."

खाली मान घालून लिहितेय ती. कागदावर एक थेंब पडलाय, पण हात अजिबात हलत नाही तिचा.