रॉजर मिळेपर्यंत

पासष्ट साली मी सिग्नल्समध्ये नायक होतो. आमची पलटण जम्मूच्या बाजूला होती आणि मी मुख्यालयाच्या वायरलेस सेटवर बसायचो. पुढची चौकी टेकडीपलीकडे होती, तिचा आवाज आमच्यापर्यंत पोचत नसे. म्हणून टेकडीवर रिले स्टेशन होतं. चौकीचा निरोप ऐकायचा आणि शब्द न बदलता मला सांगायचा, हे तिथल्या सिग्नलमनचं काम. तो हिरामण, भडगावचा. मी धुळ्याचा.

वायरलेस न पाहिलेल्या माणसाला वाटतं, बोललं की निरोप गेला. तसं नाही. ऐकणारा 'रॉजर' म्हणतो, म्हणजे मिळाला असं कळवतो, तेव्हा निरोप पुरा होतो. तोवर सांगणाऱ्याने सेट सोडायचा नाही. हिरामण यात कधी चुकला नाही.

तो फौजेत आल्यापासून वडील त्याच्याशी बोलत नव्हते. सुट्टीत घरी गेला की दोघं एकाच ओट्यावर बसत आणि बोलणं आईमार्फत चाले. संध्याकाळी सेट तपासताना तो सांगायचा, "आमनी माय रिले स्टेशन शे, भाऊ. बाप म्हनस, 'सांग त्याले, जेवी ले.' मी बाजूलेच बसेल ऱ्हास!"

"मग जेवतोस का?"

"माय सांगस तवय जेवस."

एके दिवशी दुपारी टेकडीवर गोळे पडू लागले. हिरामणचा आवाज आला: "फॉरवर्ड पोस्ट से मेसेज. अपने जवान बाएं नाले से वापस आ रहे हैं. नाले पर फायर मत करना. ओव्हर."

मी रॉजर दिला आणि मेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी तोफांचा रोख नाल्यावरून हलवला. तेवढ्यात हिरामणने तोच निरोप पुन्हा दिला. त्याच्या सेटला काही लागलं असावं. माझं बोलणं त्याला ऐकू जात नव्हतं. मी पुन्हा रॉजर दिला. त्याने पुन्हा निरोप दिला.

मेजरसाहेब म्हणाले, "उसको बोलो, नीचे आ जाए."

मी हिंदीत बोललो, मग निरोप मिळाला असं अहिराणीत ओरडलो. "हिरामण, निरोप भेटना. खाले उतर!" मला त्याचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. घाई नाही, शब्द इकडचा तिकडे नाही. मग एका वाक्याच्या मध्येच तो थांबला.

रजेवर आलो तेव्हा भडगावला गेलो. हिरामण निरोप देता देता गेला, हे पलटणीच्या पत्रातून घरी कळलं होतं. आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, एकच विचारलं, "निरोप भेटना का?"

"पहिल्याच वेळी मिळाला, आबा. सगळे जवान सुखरूप परतले."

ते उठून ओट्यावर गेले. आईने दाराकडे पाहून हळूच विचारलं, "भेटना हाई त्याले समजनं व्हतं का?"

माझा रॉजर त्याला कळला होता का, हे ती विचारत होती. मी खाली बघत राहिलो.

बाहेरून आबा म्हणाले, "काय म्हनस तो?"

"त्याले समजनं व्हतं म्हनस," आई म्हणाली.

मी चहा प्यायलो आणि निघालो.

त्या चौकीवरून परतलेले जवान भेटले की आधी हिरामणचं नाव काढतात. त्याच्यामुळे आम्ही आहोत, म्हणतात. ते खरं आहे. आबा आता नाहीत. आई आहे, आणि तिचा प्रश्नही. आमची एसटी भडगावच्या स्टँडवर थांबते तेव्हा मी जागेवरून उठत नाही.