विमलकाकूंची पाटी आणि दिल्लीचं विमान

अमडापुरात बोललं जातं की आमच्या शेजारच्या विमलकाकूंनी थेट दिल्लीला फोन लावला, मंत्र्याला झापलं आणि लेकीसाठी विमान सोडायला लावलं. साफ खोटं. काकूंनी फोन लावला तो लेकीला, आणि झापलंही तिलाच.

ही लेक, पुष्पांजली, परदेशात डॉक्टरकी शिकते. तिथं लढाई पेटली आणि ती मैत्रिणींसोबत होस्टेलच्या तळघरात अडकली. आपल्या सरकारचे प्रवक्ते रोज टीव्हीवर नाकातून म्हणायचे, "आम्ही परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहोत." मी त्यांची नक्कल केली की काकू खळखळून हसायच्या, मग पदर डोळ्यांना लावायच्या. मी सदा कोणाच्या तरी नकलेतच बोलते; माझा खरा आवाज गावात कोणाला ठाऊकच नाही.

इंग्रजी कळत नाही, म्हणून काकू विदेशी चॅनेल आवाज बंद करून बघायच्या. एकदा सकाळी पुष्पांजलीच्याच शहराच्या रेल्वे स्टेशनवर दुसऱ्या देशाची पोरं कॅमेऱ्यापुढं रडताना दिसली. दुपारी त्यांच्या सरकारच्या बसगाड्या तिथं हजर! काकूंनी फोन उचलला.

"तळघरात काऊन बसली व? आपण चिखलीच्या बाजारात मागं बसतो का? एस्टी थांबते तिथंच वांग्याची टोपली मांडतो ना! गोळ्या थांबल्या की स्टेशनवर जाय. अन् पाटी धर, गावाचं नाव मोठं लिही!"

काकू बाजारात "अमडापूरची वांगी" म्हणूनच ओरडतात. आज्ञाधारक पुष्पांजलीनं देशाचं नावच गाळलं. पाटीवर फक्त 'अमडापूर', तेही मराठीत. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनवर इंग्रजी पाट्यांच्या गर्दीत बातमीदार बाईंना ही एकच वाचता येईना, म्हणून त्यांनी माइक हिच्यापुढंच धरला. आपल्याला कोणी न्यायला आलं नाही, हे पोरीनं साऱ्या जगाला सांगितलं.

"आता पाह्य, आजच विमान सुटते," काकू म्हणाल्या.

"काकू, सरकार काय टीव्ही पाहून ठरवते? लावा पैज! हारली तर बाजारात दिवसभर तुमची वांगी विकीन. नक्कल नाही, माझ्या स्वतःच्या आवाजात."

संध्याकाळी प्रवक्ते आले. घसा खाकरून म्हणाले, "विशेष विमान आज रात्री निघेल."

"ते आधीच ठरलं असन," काकूंचे यजमान भगवंतरावकाका म्हणाले.

"असन ना. मंग सकाळी काऊन नाही सांगितलं?" काकू रडत रडत हसल्या.

पुष्पांजली सुखरूप आली. पुढच्या बाजारी मी माझ्याच आवाजात "वांगी घ्या, वांगी!" ओरडत होते. एका गिऱ्हाइकानं काळजीनं विचारलं, "पोरी, घसा बसला का व?"