अर्धी सुरई

माझे मामा राहात्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. नव्वदीच्या दशकात, मी नगरला जीवशास्त्रात बी.एस्सी. करत होते तेव्हाची गोष्ट. एके दिवशी त्यांनी फळ्यावर सुरई काढली आणि तिची डावी बाजू काढलीच नाही. पोरांनीही गुमान अर्धी सुरई उतरवून घेतली. दोन आठवडे हेच चाललं. मुख्याध्यापकांनी लक्ष घातलं नाही. चित्रकला बोर्डाला कुठे असते?

घरी ताटाच्या उजवीकडची भाजी संपायची, डावीकडची चटणी तशीच. मामी ताट फिरवायची, की मामा उरलेलं जेवायचे. आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नसत, त्यामुळे डॉक्टरकी नातेवाईकांनीच वाटून घेतली. एकाला पित्त दिसलं, दुसऱ्याला चष्म्याचा नंबर. माझे वडील म्हणाले, "त्यो पहिल्यापासून कामचुकारच हाय."

शेवटी मीच त्यांना नगरला नेऊन डोक्याचा स्कॅन करून घेतला. मेंदूच्या उजव्या भागात लिंबाएवढी गाठ होती; तिच्यामुळेच डावीकडचं काही त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. पुण्याला ऑपरेशन झालं. "गाठ काढली, पण परत वाढेल," असं मोठ्या डॉक्टरांनी जिना उतरता उतरता सांगितलं. थांबायला त्यांना वेळ नव्हता.

टाके निघाल्यावर मामांनी मला विचारलं, "तू हेच शिकतेस ना गं? मग ही वाढती कशी?"

"पेशींवरचा जनुकांचा ताबा सुटतो, मामा."

"आन् जनुकांवर कुणाचा ताबा?"

मी कॉलेजात सरांना विचारलं, "सर, आरएनएचे ते बारके तुकडे असतात, त्यांचा काही संबंध असेल का?"

"कचरा असतो तो," सर म्हणाले. "परीक्षेला येत नाही."

मी तेच निष्ठेनं मामांना सांगितलं. मामा पोट धरून हसले. "म्हंजे परीक्षेला न येणारंच मला मारणार म्हन की!"

वर्षभरात ते गेले.

पुढे बऱ्याच वर्षांनी, प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर कळलं, की त्या कचऱ्याला आता मायक्रोआरएनए म्हणतात. ते तुकडे जनुकांना गप्प बसवतात; त्यातले काही वाढले, काही घटले, की मेंदूतली गाठ फोफावते. एवढं मोठं ज्ञान घेऊन मी राहात्याला मामीकडे गेले. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग आता औषध निघालं का?"

"अजून नाही, मामी."

"बरं," ती उठत म्हणाली. "हातपाय धू. पिठलं टाकते."