चार नंबरच्या मॅडम

आमच्या समुपदेशन केंद्रात चार नंबरच्या खोलीत बसणाऱ्या मॅडम कशातल्या तज्ज्ञ, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत व्हायची. मी काउंटरवर असते, बारा वर्षं लोकांना वेळा देतेय. त्यांच्याकडे कोणीही जायचं. झोप उडालेले, सासूशी न पटणाऱ्या, परीक्षेत आपटलेली पोरं. मॅडम आधी अर्धा तास भलतंच विचारत बसायच्या. जेवता काय, घरात कोण कोण, चप्पल कुठे शिवून घेतली. मला मेलीला तो रिकामटेकडेपणा वाटायचा.

गेल्या वर्षी नवे साहेब आले. प्रत्येकाच्या पाटीवर नावाखाली एक विषय हवा म्हणाले. मॅडमनी जागा कोरीच ठेवली. "एक ना धड, भाराभर चिंध्या," साहेब माझ्यासमोर म्हणाले, आणि मी हसले. हो, हसले. खोटं कशाला बोलू?

मॅडमचे पेशंट मग साहेबांच्या सांगण्यावरून मीच विषयवार बाकीच्या खोल्यांत वाटून दिले. त्यात एक निवृत्त बसड्रायव्हर काका होते, बायको गेल्यापासून दोन वर्षं मॅडमकडे येणारे. झोपेसाठी एक नंबर, दारूसाठी दोन, बायकोच्या दुःखासाठी तीन. तीन वार, तीन फायली. काका दर वेळी वाकून विचारायचे, "चार नंबरला पाच मिनिटं डोकावू का?"

"काका, तुमचा विषय आता त्यांच्याकडे नाही." शेवटच्या मंगळवारी तर मी मान वर करूनही पाहिलं नाही.

रविवारी त्यांनी जीव दिला. सोमवारी त्यांच्या मुलीचा फोन मीच घेतला.

मॅडमनी तिन्ही फायली मागून घेतल्या आणि काउंटरवरच शेजारी शेजारी उघडल्या. एक नंबर: शांत झोप लागते. दोन: महिनाभर थेंब नाही. तीन: बायकोचे कपडे वाटून टाकले, घर आवरलं. तिन्हीकडे खाली एकच शब्द, 'सुधारणा'. ज्याने त्याने आपलं काम चोख केलं होतं.

"माणूस निघायची तयारी करत होता गं," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. फायली मला परत दिल्या.

मलाही रडू आलं नाही. काहीच आलं नाही. घरी गेले, स्वयंपाक केला, मालिका पाहिली, झोपले. आठवडाभर हेच. नवऱ्याला वाटलं, सुटलो, हिची किरकिर थांबली एकदाची.

पुढच्या सोमवारी मॅडम काउंटरशी थांबल्या.

"झोप?"

"लागते."

"जेवण?"

"जातं."

"घरी?"

"भांडण नाही, तंटा नाही. सगळं ठीक आहे, मॅडम."

त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "सगळंच ठीक?" त्या म्हणाल्या. "मग आत ये."