राखेनं घासलेला रुपया

अनुसयाबाईच्या हाताला राख कायमचीच. नवेगाव बांधच्या बाजारात ती तलावातली मासळी विकते, गिऱ्हाइकाला साफ करून देते, आणि बुळबुळीत मासा हातात ठरायला राख लागते. घरी भांड्यांना राख. दर दिवाळीला लक्ष्मीपुढं मांडायच्या चांदीच्या रुपयालाही राख नि चिंच. सासू तसाच घासायची, ती गेल्यावर ही. नवरा गेला त्या वर्षीही चुकवलं नाही.

आता त्याच रुपयावर सगळी भिस्त होती. मुलगा गुड्डू ठेकेदाराबरोबर हैदराबादला बांधकामावर निघाला होता. जुना रुपया लाखात जातो, हे मोबाईलवर त्यानंच दाखवलं होतं. "तेवढे आले तं मी कायले जातो, माय? इथंच गाडी घेतो, मासळी फिरवतो."

म्हणून दोघं गोंदियाला निघाले. हैदराबादची गाडी त्याच संध्याकाळी होती. एसटीत तिची नजर त्याच्या पायाशी गेली.

"थैला काऊन आणला?"

"राहू दे ना. खाते का तो तुले?"

सराफ्यात इंद्रकुमार शेठ जुनी नाणी घेतात. त्यांनी रुपया भिंगाखाली धरला, उलटला, उजेडाकडे फिरवला.

"अम्मा, ये तो आरसा झाला. नाण्यावरचा राजा कुठं गेला?"

"हाय ना, नीट पाहा. आजच घासून आणला."

"कशानं?"

"राखेनं, चिंच लावून." तिनं मान जरा ताठ केली. "आमच्या घरची लक्ष्मी कधी काळी पडू नाही देल्ली."

शेठ हसले नाहीत. "चेहरा नाही, सन नाही. शौकीन लोक तेच बघतात. काळा राहिला असता तर चार पैसे जास्त आले असते. आता फक्त चांदीचा भाव."

"लाख नाही?"

"लाख तो काळ्यालाही नसते आले, अम्मा. मोबाईलवाले काय, काहीही दाखवतात."

गुड्डू पायरी उतरता उतरता म्हणाला, "माय, तू तं राजाची मुंडीच सोलून टाकली. मासा समजली का त्याले?"

तिला हसू आलं. त्यानं थैला खांद्यावर टाकला तसं ते गेलं.

स्टेशनवर तिनं रुपया त्याच्या हातात कोंबला. त्यानं परत दिला. "मी काय करू याचं? तूच ठेव, पूजेले लागते."

"दिवारीले येजो."

"सुट्टी भेटली तं."

भेटली नाही. तसा फोन आला. दिवाळीच्या सकाळी अनुसयाबाईनं डब्यातून रुपया काढला. थोडा काळवंडला होता. ती त्याच्याकडे पाहत बसली, मग बोटं राखेत बुडवली.

शेजारच्या पुष्पाबाईनं कुडावरून टोकलं, "अवं, घासूनच भाव गेला म्हणे ना शेठ? मंग कायले घासून राहिली?"

"घासू दे," अनुसयाबाई म्हणाली. "आता जायले काय राहिलं हाय त्याच्यावर?"