पेडल धरणारा पाय

माझी जीप जुनी आहे. आता पुंडलिकनगरच्या गल्लीत बहुतेक उभीच असते, पण तिच्यावर मी कैक वर्षं चितेगावच्या एका कारखान्यातली माणसं नेली-आणली. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं सगळं गाडीखाली पडून शिकलो. त्यामुळं गाडीच्या कामात कुणी शहाणपण सांगितलेलं मला खपत नसे. बायकोनं तर नाहीच नाही.

ब्रेकचं पेडल लिबलिबीत लागलं की नळीत हवा शिरली, एवढं मला पक्कं ठाऊक. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दोन-तीनदा दाबायचं आणि मग दाबूनच धरायचं. दुसऱ्यानं चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा काढायचा बारका स्क्रू, पान्ह्यानं ढिलं केलं की तेलासोबत बुडबुडे बाहेर पडतात. निप्पल आवळलं की वरच्यानं पाय सोडायचा. खाली मी, वर कायम आमची ही. पदर खोचून बसायची आणि मी म्हणेन तसं करायची.

एकदा असंच हवा काढत होतो. तिचा धाकटा भाऊ देवगाव रंगारीहून आलेला, ओट्यावर चहा पीत होता. मी खाली, ती वर. ती म्हणाली, "अहो, तुमी अजून उघडलं नाय ना? मग पाय खाली कसा चाललाय?"

मी म्हटलं, नीट धर. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी गाडीखालून बाहेर आलो आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोललो, "तुझ्या पायातला जीवच गेलाय. यापेक्षा बैल बसवला असता तर बरं."

मेव्हणा बशीत फिस्सकन हसला. ती उतरली. मग मेव्हण्याला वर बसवलं. त्यानं दणादण दाबलं, मी पटापट निप्पल उघडलं-मिटलं, आणि पेडल वर आलं. म्हटलं, बघ, कसूर कुणाची होती.

तिनं ते खरं धरलं. संध्याकाळी पायांना तेल चोळायला लागली. जिना चढताना भिंत धरायला लागली. डॉक्टरनं पाय दाबून-वाकवून पाहिले आणि वयाच्या मानानं चांगले आहेत म्हणाला, पण तिचा विश्वास बसला नाही. बसच्या पायरीवर पाय उचलत नाही म्हणून माहेरी जाणंही सोडलं. मी ते बघत होतो. वय झालं, म्हणून गप्प बसलो. गेल्या थंडीत छातीत कफ भरला आणि ती गेली.

यंदा उन्हाळ्यात पेडल पुन्हा मऊ लागलं. मुलगा कामावर, म्हणून सुनेला वर बसवलं. सून मला मामा म्हणते, हिला आत्या म्हणायची. मी पान्हा लावायच्या आतच ती म्हणाली, "मामा, निप्पल बंदच आहे ना? मी पुरा जोर दिलाय, तरी पेडल हळूहळू खाली जातंय."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसाच पडून राहिलो.

मग तिला उतरवून मी स्वतः बसलो. पेडल दाबलं आणि न सोडता धरून ठेवलं. पायाखाली ते सावकाश उतरत गेलं, पार तळापर्यंत. चारही चाकं पाहिली, नळ्या पुसून पाहिल्या. तेलाचा थेंब कुठं नाही. वरच्या ब्रेक-तेलाच्या डबीतलं तेलही तेवढंच. म्हणजे गळती बाहेर नव्हतीच. पेडल दाबलं की नळ्यांत तेल ढकलतो त्या मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजलेलं, तेल आतल्या आत मागं सरकत होतं. गाडी चालवताना मी दोनदा झटकन दाबायचो, तेवढ्यानं पेडल वर यायचं. मेव्हण्यानंही त्या दिवशी दणादणच दाबलं होतं, धरून ठेवलं नव्हतं. हवा काढताना मी खाली असायचो. धरून बसायची ती. तिलाच कळलं होतं, आणि तिनं तीनदा सांगितलं होतं.

सुनेला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी आत्यांना म्हणायचे, पाय चांगले आहेत तुमचे. त्या म्हणायच्या, ह्यांना बरोबर कळतं."

रबर बदललं. पेडल दगडासारखं टणक झालं. दुसऱ्या दिवशी एकटाच देवगावला गेलो. मेव्हणा कांद्याच्या चाळीपाशी होता, त्याची बायकोही होती. दोघांना उभं करून सांगितलं, की तुझ्या बहिणीचा पाय धडधाकट होता, खोट माझ्या गाडीत होती आणि ती बरोबर बोलत होती.

"दाजी, एवढं सांगायला आलात?"

"तुझ्यासमोर बोललो होतो. तुझ्यासमोरच सांगायला पाहिजे."

तो खाली बघत म्हणाला, "हसलो तर मीबी होतो."

मी म्हटलं, "तू नुसता हसलास. बोललो मी. माझ्या चुकीतलं काही तू घेऊ नको."